बाटलीवर संत्रं, आत काय?

लग्नसराईत रायपूरच्या सदर बाजारात सोन्याची खरेदी उरकली की पाय आपोआप जवळच्या गोल बाजाराकडे वळतात. यादीत शेवटी असतो नवरीसाठी टोनर किंवा फेस मिस्ट. बाटलीवर रसरशीत संत्र्याचं चित्र, नाव ‘ऑरेंज वॉटर’. तुम्ही मनात हिशेब मांडता : संत्रं म्हणजे व्हिटॅमिन सी, म्हणजे चेहरा उजळणार!

हा हिशेब चुकतो, कारण अशा पाण्यात व्हिटॅमिन सी जवळपास नसतंच. गुलाबपाणी कसं बनतं ते आठवा. भांड्यात फुलं आणि पाणी उकळतात, वाफ नळीतून थंड करतात. जमलेल्या द्रवावर तेलाचा पातळ थर तरंगतो आणि खाली उरतं ते सुगंधी पाणी. वाफेबरोबर उडून जाणारेच घटक त्यात उतरतात. व्हिटॅमिन सी उडत नाही, ते भांड्यातच राहतं. मग पाण्यात येतं काय? सुगंध आणि तेलाचा अगदी अल्प अंश. उन्हातून आल्यावर चेहऱ्याला गारवा मिळेल, मन प्रसन्न होईल. डाग जाणार नाहीत.

खरं संत्रा-फूलपाणी बहुतेक कडू संत्र्याच्या पांढऱ्या फुलांचं असतं. ट्युनिशियातल्या नाबूल गावात वसंतात घरोघरी ते काढतात. साधारण 1,000 किलो फुलांतून जेमतेम 1 किलो तेल मिळतं. त्या तेलाला ‘नेरोली’ म्हणतात. म्हणूनच तेल महाग आणि पाणी त्यामानाने स्वस्त. आपल्या काटोल, वरुड, मोर्शीच्या बागांतली नागपुरी संत्री वेगळ्या जातीची. तिथे आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत झाडं फुलांनी लगडतात, वास शिवारभर दरवळतो. पण शेतकऱ्याचा जीव फळात. फुलं तोडायची म्हटलं तर तो तुम्हाला बागेत पाऊल ठेवू देणार नाही!

गंमत अशी की एकाच झाडापासून निरनिराळे पदार्थ मिळतात : फुलांचं तेल आणि पाणी, पानं-डहाळ्यांचं तेल, सालीचं तेल. त्वचेवर त्यांचं वागणं सारखं नसतं. म्हणून चित्र सोडा, बाटली उलटी करा आणि घटकांची यादी वाचा. ‘सिट्रस ऑरँटियम’ या नावापुढचा शब्द महत्त्वाचा. ‘फ्लॉवर वॉटर’ असेल तर फुलाचं पाणी, ‘फ्रूट वॉटर’ असेल तर फळाचं, ‘पील ऑइल’ असेल तर सालीचं तेल. यादीत जास्त प्रमाणातले घटक आधी येतात. नुसतं ‘अ‍ॅक्वा’ आणि पुढे ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ एवढंच दिसलं, तर तुम्ही सुगंधी पाण्याचे पैसे देताय. ते वाईटच असतं असं नाही, पण फूलपाण्याच्या भावात कशाला घ्यायचं?

सालीच्या तेलाबाबत जरा सावध राहा. कडू संत्रं आणि लिंबू यांच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात असे घटक असतात, जे उन्हात त्वचा भाजून काढतात. चेहऱ्यावर लिंबू चोळून गच्चीवर पापड वाळवायला गेलात, तर त्याच कारणाने काळे डाग पडू शकतात आणि ते कित्येक आठवडे जात नाहीत. रायपूरच्या मे महिन्यात तर हा प्रयोग नकोच. लग्न आठ दिवसांवर आलं असताना तर मुळीच नको.

“मग घरीच साली उकळून पाणी करू,” असं सासूबाई म्हणतील. आवर्जून करा, आंघोळीच्या बादलीत ओता आणि त्याच दिवशी संपवा. ते गाळलेलं फूलपाणी नव्हे, साधा काढाच. दोन दिवस ठेवलात तर त्यात जंतू वाढतात.

विकतचं फूलपाणीही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं असेल, तर उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. गढूळ दिसलं किंवा आंबूस वास आला की फेकून द्या. नवी बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा. खाज, लाली आली तर चेहऱ्याला लावू नका. नैसर्गिक सुगंधातल्या लिमोनीन, लिनालूलसारख्या घटकांचीही काहींना अ‍ॅलर्जी असते. तान्ह्या बाळाच्या अंगाला असलं सुगंधी पाणी लावूच नका, त्याला साधं कोमट पाणी पुरतं.