भिंतीवरची सीनरी : काचेआडचा कागद आणि त्याचं मोल

देऊळगाव राजातलं एखादं जुनं घर विकायला निघालं किंवा भावाभावांत वाटणी झाली, की आधी पितळी भांडी उतरतात, मग सागवानी दारं, आणि सगळ्यात शेवटी तसबिरी. देवांच्या तसबिरी कुणीतरी हात जोडून नेतंच. बालाजीच्या गावात त्या मागे राहणार कशा? आजोबांचा फोटो थोरल्याकडे जातो. उरते ती सीनरी. डोंगर, पाणी, एखादं लेणं, नाहीतर बर्फातली परदेशी झोपडी. भंगारवाला तिच्या फक्त चौकटीचे पैसे देतो. पुण्यामुंबईचा भाचा फोनवर सांगतो, अशाच चित्राला लाखो मिळाले. दोघांनीही कागद पाहिलेला नसतो.

चौकटीवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. जुन्या सागवानी चौकटीत कालचं कॅलेंडर बसतं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीत शंभर वर्षांचा कागदही सापडतो. चौकटीमागे वर्तमानपत्र चिकटवलेलं असेल तर त्यावरची तारीख चित्र कधी मढवलं याचा अंदाज देते, कधी छापलं याचा नव्हे.

खरी तपासणी भिंगाने. घड्याळजीकडचं दहापटीचं भिंग पुरतं. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा, अशा चार रंगांचे ठिपके ठरावीक अंतराने जाळी धरून बसलेले दिसले, तर ती विसाव्या शतकातली यांत्रिक छपाई. तिथे लाखाची गोष्ट बहुधा संपते. ठिपके आहेत पण वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, रंगही चारांहून जास्त, तर ती दगडावरची रंगीत शिळाछपाई असू शकते. तिच्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. ठिपकेच नाहीत, नुसती भेगाळलेल्या चिखलासारखी बारीक जाळी आहे आणि वर हाताने दिलेला जलरंग रेषेबाहेर थोडा ओघळलाय, तर मात्र दम धरून बघायचं. हे अॅक्वाटिंट असू शकतं. तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी बसवून आम्लाने कोरलेलं चित्र ते. पत्रा दाबल्याचा चौकोनी खळगा कागदावर बोटाला लागतो. अर्थात, मढवणाऱ्याने कडा छाटल्या नसतील तर.

आपल्या भागाशी जोडलेलं असं उदाहरण वेरूळचंच आहे. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने तिथल्या लेण्यांची चित्रं काढली, पण १७९५ मध्ये तो वारला. थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये ती २४ अॅक्वाटिंटांच्या रूपात लंडनला प्रसिद्ध केली. थॉमस आणि त्याचा पुतण्या विल्यम यांच्या १४४ चित्रांच्या ‘ओरिएंटल सीनरी’चा हा एक भाग. पुढे डॅनियलांनीच लहान आकारात पुन्हा आवृत्ती काढली, आणि विसाव्या शतकात याच चित्रांच्या साध्या नकला ढिगाने निघाल्या. म्हणजे कैलास लेण्याचं तेच दृश्य तीन पूर्णपणे वेगळ्या किमतींचं असू शकतं. आकार मोजा, भिंग लावा, कागद उजेडाला धरून कारखान्याची जलखूण शोधा. चित्राखालची बारीक अक्षरंही वाचा : कुणी काढलं, कुणी कोरलं, कुणी प्रसिद्ध केलं. माझ्या मते अर्धी किंमत या ओळींत असते, आणि मढवताना सुरी नेमकी त्यांच्यावरच चालते.

रविवर्मा छापखान्याचंही तसंच. १८९४ मध्ये तो मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मन, कारागीरही जर्मन. पुढे मालकही जर्मनच, फ्रिट्झ श्लायशर. खाली मुंबई छापलंय की मळवली-लोणावळा, यावरून काळ ठरतो. पण या छापखान्याचं नाव देवदेवतांवर मोठं झालं. निसर्गचित्रावर कुणी ‘रविवर्मा’ म्हणून भाव सांगू लागला तर खालची ओळ दाखवायला सांगावी. ‘प्रिंटेड इन जर्मनी’ असं असेल तर चित्र बहुधा १८८७ नंतरचं, कारण परदेशी मालावर देशाचं नाव घालण्याची चाल ब्रिटिशांच्या त्या वर्षीच्या कायद्याने रुजली.

आणि एक प्रकार आपल्या दिवाळी अंकांचाच. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. अशा अंकांतली रंगीत पानं कापून मढवण्याची हौस घरोघरी होती. चौकट उघडून पान उलटं करा. मागे साबणाची जाहिरात किंवा कथेचा शेवट निघाला, तर कोडं सुटलं. बाजारात याला फारसा भाव नाही, पण मी असं पान भंगारात टाकणार नाही.

किमतीसाठी विक्रेत्याने मागितलेला आकडा धरू नये. लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेलं तेच चित्र, त्याच आवृत्तीचं, त्याच अवस्थेतलं, शोधावं. मागच्या पुठ्ठ्याच्या आम्लाने तपकिरी पडलेला, कसरीने खाल्लेला, काचेला चिकटलेला कागद निम्म्यानेही जात नाही. शिवाय चित्र शंभरी ओलांडलेलं असलं, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे ते परदेशी विकायला पाठवता येईल असं गृहीत धरू नये. आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारावं. काचेला चिकटलेला कागद घरी ओढून काढू नये, ते काम कागद-संवर्धकाचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असा विभाग आहे. आणि नव्याने मढवायला द्यायचंच, तर दुकानदाराला आधी बजावावं : कडा छाटायच्या नाहीत, डिंक लावायचा नाही, आणि जुना पुठ्ठा त्यावरच्या चिठ्ठीसकट परत हवा.