डोंगरउतारावरचं घर: कॉलम-स्लॅबच्या कामात घरच्यांनी काय पाहायचं?

पावसाळा सरला की आपल्या जिल्ह्यात बांधकामांना जोर येतो. अक्कलकुव्याच्या वरच्या बाजूला, धडगावकडे, तोरणमाळच्या वाटेवर उताराच्या जागेत घर बांधायचं म्हटलं की जोत्यापर्यंत घरातले सगळे रोज साइटवर जातात. पुढे कॉलम-बीमचं काम मिस्तरीवर सोपवलं जातं आणि घरात चर्चा सुरू होते ती टाइल्स, रंग आणि किचनच्या ओट्याची. खरं तर उलटं व्हायला पाहिजे. टाइल उखडून दुसरी बसवता येते, पण कॉलमच्या आत रिंगा कमी पडल्या तर त्या नंतर कोणी घालू शकत नाही. म्हणून इथे आपण फक्त सांगाड्याबद्दल बोलू.

जागेबद्दल एकच गोष्ट सांगून पुढे जातो. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात, शहादा आणि नंदुरबार तालुक्यांतली बरीच गावंही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ मध्ये हे स्पष्ट आहे. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं म्हणजे झालं, असं कोणी सांगत असेल तर त्या जागेवर एक वीटही ठेवू नका. आपले तडवी भिल्ल बांधव स्वतः अनुसूचित जमातीत आहेत, पण त्यांनीही व्यवहाराआधी तहसीलमध्ये विचारून घ्यावं.

आता सांगाडा म्हणजे काय? सातपुड्यातलं जुनं भिल्ल-पावरा घर आठवा. लाकडी खांब जमिनीत रोवलेले, त्यावर आडवी लाकडं, वर कौलं. भिंत कुडाची, वरून माती-शेणाचा लेप. छताचं वजन खांब घेतात, भिंत फक्त आडोसा करते. आरसीसीचं घरही याच तत्त्वावर उभं असतं. फरक एवढाच की जुनं घर हलकं होतं, हललं तरी पुन्हा जागेवर यायचं. आजचा स्लॅब कित्येक टन वजनाचा असतो. तो हलला तर सगळा ताण कॉलम आणि बीमच्या सांध्यावर येतो.

आणि हलण्याचा विषय आपल्याकडे नुसता पुस्तकी नाही. मार्च 1938 मध्ये सातपुड्यात 6 पेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला होता. 1970 मध्ये शेजारच्या भरूचला, 1997 मध्ये याच नर्मदेच्या पट्ट्यात जबलपूरला धक्के बसले. भूकंपाच्या आयएस 1893 या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत आपला भाग झोन 3 मध्ये आहे. किल्लारी तर 1993 साली सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये गणली जात होती, तरी तिथे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

उतारावर पहिली अडचण कॉलमच्या उंचीची. वरच्या अंगाचे कॉलम आखूड, खालच्या अंगाचे लांब होतात. लोकांना वाटतं, लांब कॉलम कमजोर. भूकंपात बहुतेक वेळा उलटं घडतं. आखूड कॉलम ताठ असतो, वाकत नाही, म्हणून जास्त जोर स्वतःवर ओढून घेतो आणि आधी तडकतो. यावर उपाय म्हणजे उताराला पायऱ्यांसारखे सपाट टप्पे पाडून कॉलमची उंची शक्य तितकी सारखी ठेवायची आणि प्रत्येक टप्प्यावर टाय बीमने कॉलम एकमेकांना बांधायचे. कुठलाही फुटिंग भरावाच्या मातीवर नको. खाली पक्का मुरूम किंवा काळा पाषाण लागेपर्यंत खोदायचं, मग एका कॉलमचा खड्डा शेजारच्यापेक्षा चार फूट खोल गेला तरी चालेल. घराच्या मागे डोंगराकडून येणारं पाणी वळवायला चर आणि संरक्षक भिंतीत पाणी निघायला भोकं हवीत. हे काम सांगाड्याबरोबरच करा. ‘नंतर बघू’ म्हटलं की पुढचा पावसाळा येतो.

हे गणित मिस्तरीने अंदाजाने करायचं नाही. सपाट जागेवर वर्षानुवर्षं घरं बांधलेला अनुभवी मिस्तरीही उतारावर चुकू शकतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग घ्या. त्याची फी पूर्ण लोखंडाच्या बिलापुढे किरकोळ असते.

ड्रॉइंग हातात असलं की घरातल्या कोणालाही एक टेप घेऊन तपासता येतं. भिंतीत लपावा म्हणून आपल्याकडे 9 इंची कॉलम लोकप्रिय आहे, पण भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस 13920 मध्ये कॉलमची लहान बाजूही 300 मिलिमीटर, म्हणजे 12 इंच मागितली आहे. खोलीत कोपरा थोडा पुढे आला तर येऊ द्या, कपाट बसवता येतं. रिंगांची टोकं काटकोनात वाकवलेली दिसली तर काम थांबवा. ती 135 अंशात, काँक्रीटच्या आत वळलेली हवीत, नाहीतर धक्क्यात रिंग उघडते. बीमच्या सांध्याजवळ, वर आणि खाली, रिंगांमधलं अंतर 4 इंचांपेक्षा जास्त नको. सळईचा जोड स्लॅबच्या लगेच वर देतात, कारण फिटरला ते सोपं जातं. तो कॉलमच्या मधल्या भागात यायला हवा, आणि सगळ्या सळया एकाच पातळीवर जोडायच्या नाहीत. लोखंड घेताना ‘डी’ असलेला ग्रेड मागा, जसं एफई 500डी. ते तुटण्याआधी जास्त ताणलं जातं.

लोखंड आणि फळीच्या मध्ये कव्हर ब्लॉक पाहिजेत: कॉलमला 40 मिलिमीटर, स्लॅबला 20. खडीचा तुकडा सरकवून भागवू नका. काही वर्षांनी स्लॅबखालून पोपडे पडून गंजलेली सळई दिसते, त्याचं मूळ बहुतेकदा इथे असतं.

काँक्रीटमध्ये सगळ्यात जास्त नुकसान पाणी करतं. माल सैल असला की मजुरांना ओतायला सोपा, म्हणून बादली वाढत जाते. 50 किलोच्या गोणीला साधारण 27 लिटर ही वरची मर्यादा समजा, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. घाटातल्या साइटवर रेडीमिक्सची गाडी वेळेत पोचण्याची खात्री नसते. मिक्सर भाड्याने आणावा लागतो, तेव्हा व्हायब्रेटरही आणाच आणि डिझेल आदल्या दिवशी भरून ठेवा. अर्ध्या स्लॅबवर मशीन बंद पडलं तर जो सांधा राहतो, तो पुढे गळतो.

पाणी मारण्याचं काम बऱ्याच घरांत बायका आणि मुलं करतात, आणि खरं सांगायचं तर मजुरांपेक्षा चांगलं करतात. आज मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी असतं. आपल्या कोरड्या, उष्ण हवेत त्याला 14 दिवस ओलावा लागतो. कॉलमला गोणपाट गुंडाळा, स्लॅबवर आळी करून पाणी साठवा. डोंगरावर पाण्याचा टँकर महाग पडतो, पण तो खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

टेकू काढायची घाई ठेकेदाराला असते, कारण सेंट्रिंगचं सामान पुढच्या साइटवर न्यायचं असतं. 15 फुटांपर्यंतच्या स्लॅबखाली किमान 7 दिवस, त्याहून मोठ्याला 14 दिवस. बीमखाली 20 फुटांपर्यंत 14, पुढे 21. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. पीपीसीला आणि तोरणमाळसारख्या थंड रात्रीच्या जागी आणखी दिवस द्या.

या सगळ्या अटी ठेकेदाराबरोबर लेखी हव्यात. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून तोंडी ठरवलेल्या कामातूनच नाती तुटतात. उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे, तेव्हा कागद पुढे करायला संकोच कशाला? हप्ते टप्प्यांवर बांधा: फुटिंग, जोतं, कॉलम, स्लॅब. आणि टप्पा पूर्ण झाला की मजुरी त्याच दिवशी द्या.

संडासाची सीट किब्ल्याच्या दिशेने नको असेल तर तेही स्लॅबच्या आधी सांगा, कारण तिथला खोलगट स्लॅब आणि पाइपची जागा आधी ठरते. नंदुरबार आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे आपल्याकडे किब्ला जवळपास सरळ पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे येतो. मोबाइलच्या कंपासवर भागतं, फक्त लोखंडाच्या ढिगाजवळ उभं राहून पाहू नका.

व्याजाचं कर्ज टाळायचं म्हणून आपली अनेक कुटुंबं घर टप्प्याटप्प्याने बांधतात. आज खालचा मजला, इन्शाअल्लाह मुलाच्या कमाईवर वरचा. वरती सळया तशाच उभ्या राहतात, पाच वर्षं, दहा वर्षं. पावसात त्या गंजतात आणि गंज खाली कॉलमच्या आत उतरतो. काम थांबवतानाच सळयांना सिमेंटच्या घट्ट घोळाचा लेप द्या किंवा भोवती कमी सिमेंटचं काँक्रीट भरून ठेवा, नंतर ते फोडता येतं. पुढे मजला चढवताना इंजिनिअरला सळईची जाडी मोजायला सांगा. खालचे कॉलम वरच्या मजल्याचं वजन धरूनच काढले होते का, हे दाखवणारं ड्रॉइंग सातबाऱ्याच्या फाइलमध्येच ठेवा.