कपाळावरचा उजेड

मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द वयालाही आहे आणि चष्म्यालाही. आपल्या पूर्वजांचं निरीक्षण किती नेमकं होतं! त्या सुमारास डोळ्यातलं भिंग ताठर होऊ लागतं, जवळचं अक्षर पुसट होतं आणि त्यावर चष्मा मिळतो. साठीला मात्र डोळ्याचं दुसरंच दुखणं सुरू होतं आणि त्याला आपल्याकडे शब्द नाही. बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, भिंग पिवळसर पडतं. विशीत डोळ्याच्या पडद्यावर जितका उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक-तृतीयांशच साठीत पोचतो. चष्म्याचा नंबर बरोबर असतो, तरी सुईत दोरा जात नाही.

आणि नेमक्या याच वयात माणूस निवृत्त होऊन आयुष्यभर बाजूला ठेवलेला छंद हाती घेतो. कुणी लाकडी गलबतं बांधतो, कुणी जुनी घड्याळं उघडतो, कुणी आगगाड्यांची मॉडेल्स करतो. दोन महिन्यांत ‘आता हात पूर्वीसारखा चालत नाही’ असं म्हणत सगळं सामान माळ्यावर जातं. माझं म्हणणं एवढंच, की हाताला निवृत्त करण्यापूर्वी एकदा दिवा बदलून पाहावा.

आगगाडीचंच उदाहरण घ्या. पुण्यात कोथरूडला 1998 साली सुरू झालेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय अनेकांनी मुलांसोबत पाहिलं असेल. अशा छोट्या गाड्यांचं ‘एचओ’ नावाचं एक लोकप्रिय प्रमाण आहे. त्यात खरी वस्तू 87 पटींनी लहान होते. पाच फूट आठ इंचांचा स्टेशनमास्तर जेमतेम 2 सेंटिमीटरचा उरतो. डब्याच्या दाराशी धरायचा 3 सेंटिमीटर जाडीचा दांडा मिलिमीटरच्या एक-तृतीयांशावर येतो. तो चिमट्यात धरून चिकटवायचा, वर रंगवायचा!

टेबलावरच्या दिव्याखाली हे करायला वाकलं, की आपलंच डोकं उजेडाच्या आड येतं. कपाळावरचा दिवा नजरेबरोबर वळतो, ही त्याची खरी सोय. पण दुकानात ‘हेडलॅम्प’ मागितला, की बहुधा ट्रेकिंगचा दिवा समोर येतो. सह्याद्रीत रात्री पायवाट शोधायला तो उत्तम. त्याचा झोत लांब फेकलेला, मध्ये प्रखर आणि कडेला मंद असतो. फूटभर अंतरावर तोच झोत ओल्या रंगावर चमकतो आणि डोळे दिपतात. तेव्हा लुमेनच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. जवळच्या कामाला शंभरेक लुमेनचा, सारखा पसरणारा आणि कमी-जास्त करता येणारा उजेड पुरतो.

बँकेत असताना नोट हाती आली, की उजेडाकडे धरायची सवय लागते. उजेड बदलला, की तीच नोट वेगळं बोलते. रंगांचंही तसंच. बहुतेक पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा दिवा असतो. या निळ्या दिव्याच्याच शोधाला 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यावरच्या लेपामुळे उजेड पांढरा दिसतो, पण स्वस्त दिव्यात तांबडा अंश तोकडा पडतो आणि डब्याचा किरमिजी रंग मातकट वाटतो. म्हणून खोक्यावर सीआरआय हा आकडा शोधावा. तो 100 पैकी 90 च्या पुढे हवा. रंगछटा 4000 ते 5000 केल्विनच्या दरम्यान असली, की उजेड पिवळाही वाटत नाही आणि निळाही. दिव्याखाली पेन्सिल झरझर हलवून पाहावी. एकीच्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर तो दिवा लुकलुकतो आहे. तासाभरात डोकं धरेल.

पुष्कळ दिव्यांना भिंगही जोडलेलं असतं. इथे हाव नडते. पावणेदोनपट मोठं दाखवणारं भिंग साधारण चौदा इंचांवर स्पष्ट दाखवतं, अडीचपट वालं आठ इंचांवर आणि साडेतीनपट वालं अवघ्या चार इंचांवर. चार इंचांत नाक, ब्रश आणि मॉडेल एकत्र मावत नाहीत. रोजच्या कामाला दोन-अडीचपट पुष्कळ झालं. चष्मा घालणाऱ्यांनी चष्म्यासकटच पारखून घ्यावं.

वजनाची परीक्षा दुकानातच करावी. दिवा बांधून ताठ उभं राहू नये, दहा मिनिटं मान खाली घालून पाहावं. बॅटरी पुढेच असली, की दिवा नाकावर घसरतो. ती डोक्याच्या मागे असलेली बरी.

एवढं करूनही टेबलावरचा दिवा काढून टाकू नये. नजरेच्या रेषेतून येणारा उजेड सावली पुसतो आणि सावलीबरोबर ओरखडे, उंचवटेही पुसतो. ते दिसायला बाजूने तिरका उजेड लागतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याला तो डावीकडून हवा. खोलीतला दिवाही चालू असावा. अधूनमधून मान वर करून खिडकीबाहेर पाहावं.

मात्र दिव्यांभोवती वलयं दिसू लागली, उजेड वाढवला की उलट धूसर दिसू लागलं, तर आणखी मोठा दिवा शोधू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. तो मोतीबिंदूही असू शकतो आणि त्यावर इलाज आहे.

तसं काही नसेल, तर माळ्यावरचं खोकं खाली घ्यायला हरकत नाही. फक्त आधी दिवा आणावा, मग शिडी लावावी.