एका गिअरची सायकल व तिच्या साखळीचा ताण

सायकल हें वाहन आमच्या पिढीस नवीन नाहीं. पुण्यांत ज्याचें आयुष्य मास्तरकींत गेलें, त्यास घंटेपूर्वीं शाळेंत पोंचल्याचें निम्में श्रेय तरी सायकलीस द्यावें लागेल. परंतु तिच्या साखळीविषयीं आपलें ज्ञान किती तोकडें आहे, हें आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, आणि तेंही नातवाच्या हनुवटीस तीन टांके पडल्यावर, कळून आलें.

तो प्रकार असा. नातवाची सायकल गिअरची. मागें सात दंतचक्रें, पुढें तीन. गतवर्षीं आमच्या इमारतीच्या आवारांत कोणा एकाची मोटार मागें येतां येतां तिच्यावर टेकली व गिअर बदलणारें यंत्र, ज्यास डिरेलर म्हणतात, मोडून पडलें. तें ज्या कानाला बसविलेलें असतें तो कान मात्र सुदैवानें सरळ राहिला. ओळखीचा मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, नव्या यंत्राचा खर्च कशाला करतां? एका गिअरची करून टाका. पुणें म्हणजे कांहीं महाबळेश्वर नव्हे.” काटकसरीची सूचना आम्हांस नेहमींच पटते. पुढचें बत्तीस दांत्यांचें मधलें चक्र ठेविलें (मनुष्याच्या तोंडांत दांतही तितकेच, आमच्या तोंडांत आतां नाहींत, ही गोष्ट वेगळी). मागें जुन्या संचांतील सोळा दांत्यांचें एकच चक्र राखून त्याच्या दोहों बाजूंस कड्या भरल्या व बाकीचें भंगारवाल्यास दिलें. पायडल एकदां फिरलें कीं चाक दोनदां फिरावें, असा सोपा हिशेब. सव्वीस इंची चाकाचा परीघ सुमारें २ मीटर ७ सेंटिमीटर. मिनिटास साठ फेरे धरले तर ताशीं पंधरा किलोमीटर होतात. शाळेस जाणाऱ्या मुलास याहून अधिक वेग नको, असें आमचें मत. नातवाचें मत निराळें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्या जुन्या काळ्या सायकलीची साखळी सैल झाली म्हणजे आपण काय करीत असूं? मागच्या चाकाचे नट ढिले करावे, चाक बोटभर मागें ओढावें, पुन्हां नट आवळावे, कीं झालें. हें साधतें, कारण त्या सायकलीच्या सांगाड्यांतील खांच आडवी असते व चाकास मागेंपुढें सरकण्यास वाव असतो. गिअरच्या सायकलीची खांच बहुधा उभी असते. चाक तींत एकाच जागीं बसतें, तसूभरही हलत नाहीं. तेथें साखळीचा सैलपणा ओढून घेण्याचें काम डिरेलरचीं दोन लहान चाकें स्प्रिंगच्या जोरावर करीत असतात. म्हणजे एकच नोकर दोन चाकऱ्या करतो: गिअर बदलणें ही एक, साखळी ताणून धरणें ही दुसरी. पहिली चाकरी नको म्हणून आपण त्यास घालवून देतों, आणि दुसरी कोण करणार याचा विचारच करीत नाहीं. हें यंत्र टूर द फ्रान्स या प्रसिद्ध शर्यतींत वापरण्याची मोकळीक सुद्धां १९३७ सालीं मिळाली. तत्पूर्वीं तेथील वीर आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं उतरून, मागचें चाक उलटें बसवून, दुसऱ्या बाजूच्या दंतचक्रावर चढण चढत असत! असो.

साखळींत आंतली कडी व बाहेरची कडी आळीपाळीनें येतात आणि एका कडीची लांबी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. त्यामुळें साखळी कमी करावयाची तर जोडीनें, पुरा एक इंच. सांगाड्यांतील अंतर असें इंचाच्या हिशेबांत क्वचितच बसतें. आमच्या दुर्दैवानें तें बसलें! साखळी कोणत्याही साधनावांचून अगदीं नेमकी ताणून बसली आणि आम्ही मिस्त्रीसमोर थोडे फुशारलों.

दोन महिने सायकल उत्तम चालली. मग पावसाळा लागला. लोखंड ताणलें जाऊन साखळी वाढते असें लोक समजतात. वस्तुतः चिखलानें व वाळूनें प्रत्येक सांध्यांतील खिळा आणि भोंक झिजतें, व शंभराच्या आसपास सांध्यांची ती झीज मिळून साखळी लांब होते. वाढ ती केवढी? आमच्या सायकलीच्या मागच्या व पुढच्या आंसांत ४२० मिलिमीटर अंतर आहे. समजा, एकंदर वाढ फक्त ३ मिलिमीटर झाली. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत कर्णाचा जो नियम आहे, तो लावून पाहावा: कर्ण २११.५, पाया २१०, तर लंब सुमारें २५ मिलिमीटर. म्हणजे खालची साखळी मधोमध बोटानें ओढली तर इंचभर खालीं येते. असलीं उदाहरणें आम्हीं फळ्यावर शेंकड्यांनीं सोडविलीं. घरच्या सायकलीवर एकही सोडविलें नाहीं.

श्रावणांतल्या एका सकाळीं सेनापति बापट रस्त्याच्या चढावर मुलगा पायडलांवर उभा राहून जोर करीत असतां साखळी निसटली. भाराखालचा पाय एकाएकीं पोकळींत गेला आणि तो हँडलावर आदळला. मागून मोटार येत नव्हती, हीच ईश्वरकृपा. सायंकाळीं सूनबाई म्हणाली, “बाबा, रागावूं नका, पण ती सायकल आतां घरांत नको.” तिचें म्हणणें चुकीचें नव्हतें. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

साखळी ताणणारें जें साधन मिळतें त्यास टेन्शनर म्हणतात. डिरेलर ज्या कानाला बसतें त्याच कानाला तें बसतें: एक आखूड दांडी, तिच्या टोंकास लहान दंतचक्र, व मुळाशीं स्प्रिंग. तें सदैव खालच्या साखळीवर असावें, कारण पायाचा सर्व ओढा वरच्या साखळींतून जातो. लहान चक्रानें साखळी खालीं दाबावी कीं वर उचलावी? जागा असल्यास वर उचलणेंच बरें. तसें केल्यानें साखळी मागच्या चक्रास अधिक विळखा घालते व अधिक दांते पकडींत येतात. खालीं दाबली तर पकडींतले दांते कमी होतात. याकरितां नवी साखळी घेऊन ती मुद्दाम इंचभर लांब ठेविली.

मागचें चक्रही बदलावें लागलें. गिअरच्या संचांतील चक्रांचे कांहीं दांते मुद्दामच खुजे केलेले असतात, जेणेंकरून साखळी त्यांवरून सहज उतरावी. आमच्या साखळीस उतरण्याची वाट आम्हींच करून दिली होती! नवें चक्र पुऱ्या दांत्यांचें आणिलें.

बसवितांना पहिला स्क्रू बोटांनींच फिरवावा. कानाचा धातू मऊ असतो, आटे तिरके कापले गेले कीं तो कान वायां जातो. हें आम्हीं सांभाळलें. चुकलों तें निराळ्याच जागीं. पहिल्या दिवशीं पायडल फिरवितांच टक् टक् असा बारीक आवाज येऊं लागला. तेल घातलें, आवाज तसाच. अखेर नातू सायकलीच्या मागें उकिडवा बसला, एक डोळा मिटून पाहूं लागला आणि म्हणाला, “आजोबा, लहान चाक बाहेरच्या अंगाला आहे.” खरोखरच तें मागच्या चक्राच्या रेषेबाहेर एका वायसराइतकें, सुमारें दोन मिलिमीटर, होतें. वायसर काढून तें आंत घेतलें. पुढचें चक्र, मागचें चक्र व हें लहान चक्र एका रेषेंत आलीं आणि आवाज बंद झाला. मग पायडल हातानें सावकाश पुरा फेरा फिरवून पाहिलें. पुढचें चक्र सहसा तंतोतंत वाटोळें नसतें. कोठें साखळी घट्ट होते, कोठें सैल. स्प्रिंग असली तर दांडी तेवढी वरखालीं होऊन तें सांभाळून घेते. स्प्रिंग नसलेला, नटानें जखडण्याचा प्रकार असेल तर सर्वांत घट्ट जागीं अर्धा इंच खेळ ठेवून मगच आवळावा.

एक इशारा दिलाच पाहिजे. ज्या सायकलीचें पायडल मागें दाबून ब्रेक लागतो, किंवा जींत पायडल चाकाबरोबर फिरतच राहतें, तिला हें साधन लावूं नये. तेथें खालच्या साखळीवरही ओढा येतो व दांडी मोडते.

मुदतीच्या आठव्या दिवशीं नातू त्याच चढावर गेला. आम्ही रिक्षेनें मागोमाग गेलों, हें त्यास अद्याप ठाऊक नाहीं. तो उभा राहून चढला, आणि साखळी जागची हलली नाहीं.

आतां दर रविवारीं साखळीच्या चोवीस कड्या फूटपट्टीनें मोजण्याचा परिपाठ आहे. त्या बारा इंच भरल्या पाहिजेत. एक सोळांश इंच वाढल्या तर साखळी बदलावयाची, असें ठरलें आहे. गेल्या रविवारीं सूनबाई स्वतःच फूटपट्टी घेऊन जिन्याखालीं आली. बारा इंच भरल्या. तिनें पुन्हां एकदां मोजल्या, आणि सायकलीची किल्ली मुलाच्या हातांत दिली.