भीमबेटकाची शैलचित्रे

विंध्य पर्वताच्या पायथ्याशी, भोपाळपासून सुमारे 45 किलोमीटर अंतरावर, मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात भीमबेटका नावाची टेकडी आहे. पांडवांपैकी भीम येथे बसत असे, अशी लोकश्रुती असून ‘भीमबैठका’ या शब्दावरून हे नाव रूढ झाले. आसपासच्या गावकऱ्यांना हे प्रचंड खडक परंपरेने ठाऊक होते. 1888 मध्ये पुरातत्त्वविषयक लिखाणात या स्थळाचा उल्लेख आला, तोही स्थानिक आदिवासींनी दिलेल्या माहितीच्या आधारे. मात्र त्या वेळी हे बौद्ध अवशेषांचे ठिकाण समजले गेले.

येथील चित्रांचे महत्त्व उघड होण्यास त्यानंतर जवळजवळ सात दशके लागली. 1957 मध्ये उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर आगगाडीने भोपाळकडे जात असता त्यांना दूरवर हे खडक दिसले. त्यांची ठेवण पाहून कुतूहल जागृत झाल्याने ते तेथे जाऊन पोहोचले आणि प्रागैतिहासिक मानवाच्या चित्रांचे एक विशाल भांडार अभ्यासकांना खुले झाले. पुढील पाहणीत या परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय आढळले. त्यांपैकी चारशेहून अधिक ठिकाणी चित्रे आहेत. खडकाचा पुढे आलेला भाग छपरासारखा होऊन जो नैसर्गिक निवारा तयार होतो, त्यास शैलाश्रय म्हणतात.

1970 नंतरच्या दशकात उज्जैनचे विक्रम विद्यापीठ व पुण्याचे डेक्कन कॉलेज यांच्या संशोधकांनी येथे उत्खनन केले. जमिनीच्या खालच्या थरांत अश्मयुगीन मानवाच्या ओबडधोबड दगडी कुऱ्हाडी, तर वरच्या थरांत बारीक गारगोट्यांची नाजूक हत्यारे मिळाली. मनुष्याने या जागी दीर्घकाळ आश्रय घेतला होता, हे त्यावरून सिद्ध झाले.

चित्रे मुख्यत्वे तांबड्या व पांढऱ्या रंगांत असून क्वचित हिरवा व पिवळा रंगही दिसतो. तांबडा रंग गेरूसारख्या लोहयुक्त दगडापासून केलेला आहे. गवे, हरणे, हत्ती, शिकारी, नर्तकांच्या रांगा असे अनेक विषय त्यांत आहेत. एकाच भिंतीवर निरनिराळ्या काळांतील लोकांनी चित्रावर चित्र काढलेले आढळते. खालचे चित्र आधीचे व वरचे नंतरचे, या साध्या नियमाने अभ्यासक त्यांचा क्रम लावतात. धनुष्यबाण घेतलेले शिकारी प्राचीन काळचे, तर ढालतलवार धारण केलेले घोडेस्वार ऐतिहासिक काळातील होत. सारांश, ही भिंत म्हणजे लेखनविद्येपूर्वीपासून चालत आलेली एक बखरच आहे.

म्हणूनच तिचा एक ओरखडाही पुसणे वा वाढविणे हानिकारक ठरते. चित्र उठून दिसावे म्हणून काही जण त्यावर पाणी शिंपडतात. त्यामुळे क्षार साचून चित्र हळूहळू झाकले जाते. शैलाश्रयात चूल पेटविल्यास काजळी धरते. कोळशाने वा खडूने लिहिलेले नाव पुसू जाता मूळ रंगही निघून जातो. गेलेला थर पुन्हा मिळत नाही आणि त्याबरोबर काळाचा क्रमही तुटतो.

2003 मध्ये भीमबेटकाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. लगतच्या 21 गावांतील रहिवाशांच्या सांस्कृतिक परंपरांचे या चित्रांतील जीवनाशी निकटचे साम्य असल्याची दखल तेव्हा घेण्यात आली. यास्तव या ठेव्याचे पहिले राखणदार गावकरीच होत. पचमढी, आदमगड इत्यादी ठिकाणीही अशी चित्रे आहेत. रानात गुरे चारताना वा मध गोळा करताना कोणास रंगीत खुणा असलेला खडक दिसल्यास त्याने तो न घासता, न भिजविता, गावच्या शिक्षकांस अथवा ग्रामपंचायतीस कळवावे व त्यांनी ती माहिती पुरातत्त्व विभागाकडे पोहोचवावी. शिक्षकांनी सहलीस निघण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना समजावून सांगावे की, ही चित्रे डोळ्यांनी पाहावयाची आहेत, हातांनी नव्हे.