तिसरा दांडा

जुन्या जीपच्या बैठकीसमोर जमिनीच्या पत्र्यातून तीन दांडे वर आलेले असतात. पहिला गिअरचा, तो कोणालाही ठाऊक असतो; दुसरा पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती जोडण्याचा वा तोडण्याचा; आणि तिसरा ‘हाय’ आणि ‘लो’ यांत निवड करण्याचा, ज्याच्या वाटेला सामान्य चालक सहसा जात नाही. चारही चाकांनी ओढणारी गाडी दोन चाकांवर आणण्याच्या उद्योगाविषयी मी काही वर्षे माहिती गोळा करीत आहे, आणि फिरून फिरून माझे लक्ष या तिसऱ्या दांड्याकडेच जाते. त्याचे कारण शेवटी येईल.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. साठ अश्वशक्तीचे इंजिन, ऐंशी इंचांचे चाकांतील अंतर आणि साधारण अकराशे किलो वजन, एवढा तिचा सरंजाम. युद्ध संपताच हे वाहन फौजेकडून लिलावाच्या मार्गाने शेतकरी, कंत्राटदार आणि गॅरेजवाले यांच्या हाती गेले. आपल्याकडे अशा मालाला ‘डिस्पोजलचा माल’ हे नाव रूढ झाले. 1945 साली लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या पेढीने 1947 साली 75 जीपा सुट्या भागांच्या स्वरूपात आणविल्या. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि 1948 मध्ये पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे बदलले. जीपची जोडणी पुढे मुंबईत माझगावला होऊ लागली. ज्या गाडीने वाळवंट आणि चिखल तुडवावा अशी तजवीज होती, ती अशा रीतीने डांबरी सडकेवर आली, आणि तिथेच कुरकूर सुरू झाली.

कुरकुरीचे मूळ साध्या भूमितीत आहे. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात. मागचा आस साडेपाच मीटर त्रिज्येवर फिरत असेल, तर जीपचा पुढचा आस पूर्ण एका वर्तुळात सुमारे सव्वादोन मीटर अधिक अंतर कापतो, म्हणजे चाकाचा जवळजवळ एक पूर्ण फेरा. आसाच्या गिअरचे प्रमाण 4.88 असल्याने पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला तेवढ्यात जवळजवळ पाच फेरे अधिक घ्यावेसे वाटतात. पण दुसरा दांडा जोडलेला असताना पुढचा आणि मागचा शाफ्ट दोन्ही ट्रान्स्फर केस या एकाच पेटीत गच्च बांधलेले असतात आणि त्यांना तडजोड करण्याची मुभा नसते. मातीत टायर घसरतो आणि हिशेब मिटतो. डांबरावर तो घसरत नाही, स्टिअरिंग जड होते, टायर झिजतात आणि शाफ्टच्या क्रॉसवर ताण साचत जातो. दांडा तोडला की हा झगडा थांबतो खरा, परंतु चाके तरीही आतले अर्धे शाफ्ट, डिफरन्शियलचे दात आणि पुढचा शाफ्ट असा सगळा निरुद्योगी परिवार बरोबर घेऊनच फिरत राहतात, ऑईल घुसळीत, सील झिजवीत. भाकरी देणे बंद केलेल्या पाहुण्याने घर मात्र न सोडावे, तसा हा प्रकार.

या परिवाराला तात्पुरती रजा देण्याची युक्ती 1948 साली अमेरिकेत सिअॅटल परिसरातल्या आर्थर वॉर्न या गृहस्थाने बाजारात आणली: चाकाच्या हबवरच एक कळ, जी हाताने फिरविली की चाक शाफ्टपासून सुटते. फौजी जीप सडकेवर सुसह्य व्हावी, एवढाच त्याचा हेतू. ज्याला ही कळ परवडत नाही किंवा मिळत नाही, तो मिस्त्रीकडे जातो.

मी ज्या मिस्त्रीचे काम जवळून पाहिले, त्याने प्रथम पुढच्या हबवरचे सहा बोल्ट सोडून शक्ती पोचविणारी गोल चकती बाहेर काढली आणि तिच्या जागी पत्र्याचे बंद झाकण बसविले, कारण उघड्या हबात धूळ शिरली तर बेअरिंगचे आयुष्य संपलेच. जीपच्या जुन्या बांधणीत चाक शाफ्टच्या आधारावर नव्हे, तर स्वतंत्र पोकळ खुंटावर दोन बेअरिंगांनी उभे असते, म्हणून हे चालून जाते. अनेक आधुनिक पिकअपमध्ये बेअरिंगची एकसंध गुंडी शाफ्टच्या टोकानेच आवळून धरलेली असते, तेथे शाफ्ट उपसून काढणे म्हणजे चाक निखळण्यास आमंत्रण. मग त्याने पुढचा प्रॉपेलर शाफ्ट खाली उतरविला, पेटीवरचा योक मात्र जागेवर ठेवला. ‘हा काढला की सील उघडं पडेल, सगळं ऑईल खाली,’ तो म्हणाला. मी विचारले, मग ही पेटीच काढून टाकता येणार नाही का? त्याने गाडीखालून हात लांब करून ट्रान्स्फर केसवर थाप मारली. ‘टांग तोडता येते साहेब, पोट कसं तोडणार?’

त्याचे बोलणे अक्षरशः खरे होते. जीपमध्ये मागच्या चाकांकडे जाणारी शक्तीही याच पेटीतून, गिअरपेटीच्या एका अंगाला सरकून जाते. त्यामुळे मागचा डिफरन्शियलही मध्यापासून एका बाजूला बसविलेला असतो. पेटी काढली तर शाफ्ट, आस, सारेच नव्याने बसवावे लागते. विलीजनेच 1955 साली डीजे-3ए ही जीप केवळ मागच्या चाकांवर चालणारी बांधली, तेव्हा पेटी मुळातच वगळली; महिंद्रनेही पुढे कमांडरसारख्या गाड्या दोन चाकांवर विकल्या. कारखान्याला कोऱ्या कागदावर जे साधते, ते गॅरेजमध्ये साधत नाही. त्यामुळे मालकाच्या मनातली मोठी पेट्रोलबचत बहुधा फलद्रूप होत नाही, कारण पुढचा आस भार वाहण्यासाठी आणि स्टिअरिंगसाठी तसाच राहतो आणि वजन फारसे घटत नाही. वाचतो तो देखभालीचा खर्च. पुढच्या शाफ्टचे क्रॉस ग्रीस मागत नाहीत, एवढ्यावर मालकाने समाधान मानावे. शिवाय आर.टी.ओ.चे दप्तर आहेच. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, मोजके अपवाद सोडता, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. कायमची कापाकापी करण्याआधी दाखल्याचा मजकूर वाचलेला बरा.

आता तिसरा दांडा. ‘लो’मध्ये फौजी जीपची पहिल्या गिअरची ओढ एकूण पंचविसांहून अधिक पटींनी वाढते, ‘हाय’मध्ये ती तेरा पटच असते. हा भार एकट्या मागच्या आसावर पडू नये, म्हणून रचनाकारांनी पुढची चाके जोडल्याशिवाय ‘लो’ लागणारच नाही असा अडसर पेटीत ठेवला होता. पण पेटीला बाहेर काय आहे ते दिसत नाही. दुसरा दांडा जोडला की तिच्या दृष्टीने पुढची चाके जोडली गेली, मग तिथे शाफ्ट असो वा नसो. अडसर बिनतक्रार सरतो, ‘लो’ लागतो, आणि घाटात भरल्या गाडीचा मागचा अर्धा शाफ्ट पिळून तुटू शकतो.

मिस्त्रीने हात पुसले, तारेचा एक तुकडा शोधून काढला, आणि तिसरा दांडा ‘हाय’मध्ये ठेवून बैठकीच्या लोखंडाशी तीन वेढे देऊन आवळला. मालकाने विचारले, तार कशाला? तो म्हणाला, ‘ड्रायव्हर बदलतात.’