सनस्क्रीन : किती, कुणासाठी आणि कुठवर?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात नांबूर नावाचं गाव आहे. तिथल्या १,६२१ प्रौढांना घेऊन १९९२ साली साथरोगतज्ज्ञ अ‍ॅडेल ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. एका गटाने चेहरा, मान आणि हातांना रोज सकाळी सनस्क्रीन लावायचं. दुसऱ्याने नेहमीसारखं, वाटलं तर लावायचं. लोक खरंच लावतात का, हे परत आलेल्या बाटल्यांच्या वजनावरून कळे. तळहाताच्या मागच्या बाजूचे सिलिकॉनचे ठसे घेऊन त्यांत उमटलेल्या त्वचेच्या बारीक रेषाही तपासल्या गेल्या.

साडेचार वर्षांत रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस पेशींच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरल्या. बेसल पेशींच्या कर्करोगात मात्र फरक पडला नाही. प्रयोग संपल्यावर आणखी दहा वर्षं नोंदी ठेवल्या, तेव्हा मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचे नवे रुग्ण रोज लावणाऱ्यांत ११ आणि दुसऱ्या गटात २२ निघाले. ठशांवरून दिसणारं त्वचेचं वार्धक्यही रोज लावणाऱ्यांमध्ये २४ टक्के कमी होतं. सनस्क्रीनच्या बाजूने इतका भक्कम पुरावा दुसरा नाही. पण ही माणसं बहुतांशी गोरी होती आणि ती नेमाने सनस्क्रीन लावत होती. जाहिराती नेमक्या या दोन गोष्टी गाळतात.

किती?

ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो. त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम थर देतात आणि ती लाल व्हायला किती जास्त अतिनील मारा लागतो ते मोजतात. एसपीएफ ३० त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकडा वाढला तरी फरक एका टक्क्याचाच. खरा फरक पडतो तो थरात, कारण बहुतेक लोक ठरलेल्या थराच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतात.

चेहरा आणि मान मिळून साधारण सव्वा ग्रॅम लागतं. दिवसातून दोनदा लावलं, तर ५० ग्रॅमची ट्यूब वीस दिवसांत संपायला हवी. आपल्याकडे ती कित्येक महिने पुरते.

शिवाय एसपीएफ मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल बोलतो. यूव्हीए किरणं त्वचेत खोलवर जातात, खिडकीच्या काचेतूनही येतात. त्यांच्यासाठी वेष्टनावर ‘पीए’पुढची अधिकची चिन्हं पाहावीत.

कुणासाठी?

त्वचेतलं मेलॅनिन हे मुळातलंच संरक्षण आहे. १९७९ सालच्या एका अभ्यासात कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेचं संरक्षण सरासरी १३.४ एसपीएफइतकं, तर गोऱ्यांचं ३.४ भरलं. आपण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो. त्यामुळे आपल्याला त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी आहे. वांग आणि काळे डाग यांचा त्रास मात्र अधिक. हे डाग वाढवण्यात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो आणि पारदर्शक क्रीम तो अडवू शकत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन उपयोगी पडतं. वांग असलेल्या बाईला हे कुणीतरी सांगायला हवं. त्याऐवजी तिला ‘टॅन’ची भीती घालून उजळपणा विकला जातो. सावळेपणा हा आजार नाही आणि सनस्क्रीन हे त्यावरचं औषध नाही.

कुठवर?

लावलेलं सगळं त्वचेवरच राहत नाही. ऑक्सिबेन्झोनसारखी काही रसायनं रक्तात उतरतात, हे अमेरिकी औषध प्रशासनाच्या २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत दिसलं. रक्तात उतरणं म्हणजे अपाय होणं नव्हे. पण तपासणीची गरज त्यातून नक्कीच ठरते.

काही भाग समुद्रातही जातो. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रवाळांचे नातेवाईक असलेले समुद्रफूल हे प्राणी ऑक्सिबेन्झोनच्या पाण्यात ठेवले. नकली सूर्यप्रकाशात ते सगळे १७ दिवसांत मेले. अतिनील किरणं गाळून टाकली तेव्हा जगले. प्राण्याच्या शरीरात या रसायनाला साखरेचा रेणू चिकटतो आणि उन्हापासून वाचवणारा पदार्थ उन्हातच विषारी होतो. पोटातलं सहजीवी शैवाल यातलं बरंचसं विष स्वतःत साठवतं. म्हणूनच शैवाल गमावून पांढरे पडलेले प्राणी लवकर दगावले.

प्रयोगातली मात्रा समुद्रात सहसा आढळते त्याहून बरीच जास्त होती, आणि प्रवाळांचा मोठा शत्रू तापणारा समुद्रच आहे. तरीही पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून अशी रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आणली. आधीच आजारी पडलेल्या प्रवाळांवर आणखी भार टाकू नये, हा विचार मला पटतो. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला गर्दी असते. पाण्यात उतरताना पूर्ण बाह्यांचा पोशाख घातला, तर क्रीम फक्त चेहऱ्याला, हाताच्या पंजांना आणि पायांना लागेल.

शेतात राबणाऱ्या बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्यावर पदर घट्ट बांधतात. तो पोशाख घामाने ओघळत नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही. आधी सावली, मग कापड आणि उरलेल्या उघड्या त्वचेला भरपूर सनस्क्रीन, असा क्रम ठेवला, तर त्वचेचं भलं होईल आणि समुद्रावरचा भारही हलका होईल.